भंडाऱ्याची पुरी

आमच्या घरी मूर्ती नव्हती.
लाकडी पाट, पांढरं कापड,
कापडात दगडाचा गुळगुळीत तुकडा.
ज्या ओट्यावर परमेश्वर बसले त्या ओट्याचा, आबा सांगायचे.
शेंदूर नाही, घंटा नाही, नवस तर नाहीच.
गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत
असं घर आमचं एकच.
मैत्रिणीच्या घरची सत्यनारायणाची वाटी
हात मागे बांधून नाकारायला मी शिकले
अक्षरं गिरवायच्या आधी.

त्या वर्षी माग थांबला.
आधी सूत महागलं, मग यंत्रावरची साडी
अर्ध्या दामात इतवारीत आली,
आणि मग आबांच्या डोळ्यांत जाळं उतरलं.
तरी ते खड्ड्यात पाय सोडून रिकाम्या मागावर बसायचे,
काठाच्या धाग्यांचा हिशोब
बोटं मांडीवर करत राहायची.
आई पहाटेच डाळ निवडायला मिलमध्ये.
मी दहावीचा पेपर देऊन मोकळी,
म्हणजे घरातल्या प्रत्येक डब्याचा तळ मला पाठ.

चैत पुनव. गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत होतं.
कोपऱ्यावर मारुतीचा भंडारा,
पुरुषभर उंच गंजात वांगे-आलूची भाजी,
कढईतून उसळून येणाऱ्या पुऱ्या.
वास आमच्या घरात सरळ शिरला,
चप्पल न काढता.

मुरली तेव्हा सात वर्षांचा,
सकाळपासून पेजेवर.
रडला नाही. उंबऱ्यावर बसून रांग पाहत होता.
"ताई, तो पोट्टा तिसऱ्यांदा गेला."
थोड्या वेळानं,
"ताई, आपल्याले काऊन नाही चालत?"

उत्तर मला येत होतं. पोथीतलं होतं, तोंडपाठ.
मी ओढणी डोक्यावर घेतली
आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

पौनीकर काकूंनी ओळखलं.
त्यांचा झारा जरा वेळ हवेतच.
मग पत्रावळ अशी भरली
की दोन्ही हातांनी धरावी लागली.
"जाय माय, गरम हाये तवर."

न्हाणीमागे, पाण्याच्या टाक्याच्या सावलीत
मुरली जेवत होता, मी राखण करत होते.
आणि मग मीही जेवले.
हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नाही.
भाऊ लहान होता, भाऊ उपाशी होता, एवढंच सांगायची.
पण मीही जेवले. तीन पुऱ्या. बोटं चाटली.
वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक, जागच्या जागी.

आई आली तेव्हा पत्रावळ चुलीत जळून गेली होती,
पण मुरलीच्या सदऱ्यावर हळदीचा डाग.
तिनं पाहिला. सदरा उतरवला, दगडावर घासला.
डाग गेला तरी घासत राहिली.

संध्याकाळी नाम घ्यायला बसलो.
माझ्या बोटांत दोरीच्या गाठी सरकत होत्या,
नुसत्याच.
आबांना दिसत नव्हतं; नाक शाबूत होतं.
अर्ध्यात थांबले.
"हेमा."
मी दोरी मुठीत आवळली.
"वांगे कवळे होते काय?"
"हो आबा."
"मिरची? भिवापूरची?"
"हो."
त्यांनी मान हलवली, आवंढा गिळला,
आणि नाम पुन्हा पहिल्यापासून धरलं,
जणू मोजणी चुकली होती ती त्यांचीच.

रात्री कूलरशिवायच्या त्या खोलीत
ओलं लुगडं खिडकीला बांधून आई माझ्याजवळ आडवी झाली.
बराच वेळानं, अंधाराकडे तोंड करून म्हणाली,
"त्यानं इचारलं तर सांगजो,
मायनं धाडलं होतं."

ती तर तेव्हा मिलमध्ये होती.

आमच्या घरात खोटं बोलायची चाल नव्हती.
पाट आता माझ्याकडे आहे, कापड दोनदा बदललं.
रोज बसते. गाठी मोजते.
आईच्या त्या एका खोट्यापाशी आले
की बोट थांबतं,
आणि मी ते पुढे सरकवत नाही.